चार हातांचं कापड

ज्या टेबलावर मी साडेपाच वर्षं उभी राहिले, ते टेबल या ऑगस्टमध्ये करवतीने कापावं लागलं. तेहेतीस फूट लांबीचं ते टेबल दुकानातच बांधलेलं, त्यामुळे दारातून बाहेर निघेना. जूडिथच्या नवऱ्याने त्याचे तीन तुकडे केले, तेव्हा जूडिथ पार्किंग लॉटमध्ये जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी आतच थांबले. टेबलाच्या कडेला मी माझ्या हाताने ठोकलेल्या लोखंडी खुंट्या होत्या, त्या मला काढून घ्यायच्या होत्या.

जूडिथ म्हणजे माझी मालकीण. मूळची ऑस्ट्रेलियाची. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर, त्याच्या नोकरीमुळे इकडे डेट्रॉइटच्या बाजूला आलेली. त्याआधी ती बरीच वर्षं उत्तर ऑस्ट्रेलियात एका लांबच्या गावी कामाला होती. तिथल्या मूळ रहिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल बायका एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये कापड छापतात. डिझाइन त्यांचं, छपाई त्यांची. जूडिथने त्यांच्याशी रीतसर करार करून काही डिझाइन्सच्या छपाईच्या चौकटी इकडे आणल्या आणि ट्रॉय गावाच्या जवळ, बंद पडलेल्या एका गालिच्याच्या दुकानात हे छपाईचं दुकान काढलं. आता गाड्यांचा धंदा बसलाय, नवऱ्याची नोकरी गेली, ती दोघं परत निघाली. चौकटी त्यांच्याही आधी, खोक्यात बांधून, त्या शेडमधल्या मूळ मालकिणींकडे पोचल्या.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिही असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. या अंकात डॉक्टर लिहितात, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे लोक लिहितात. माझी शाळा सातवीत सुटली. पण मग वाटलं, त्या टेबलाबद्दल लिहू शकेल असं ट्रॉयमध्ये माझ्याशिवाय दुसरं कोण आहे?

मी इचलकरंजीची. वडील गेले आणि गल्लीतल्याच साडीछपाईच्या कारखान्यात मी लागले. आधी रंग ढवळायला, मग टेबलावर. विसाव्या वर्षी लग्न झालं. माझा नवरा विलास लेथ मशीनवर काम करायचा. त्याचे थोरले भाऊ फार पूर्वी इथे आलेले, भावाच्या पत्नी मीनाताई बाळंतपणाच्या डॉक्टर. दिरांनी आमच्यासाठी अर्ज घातला तो अकरा वर्षांनी मंजूर झाला, आणि दोन हजार एक साली आम्ही त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये येऊन राहिलो. तिथे दीड वर्ष काढलं. दोघांनी कधी एका शब्दाने दुखवलं नाही. पण उपकाराचं ओझं असतं ना, ते देणाऱ्याला दिसत नाही. मी त्यांच्या घरात कप विसळताना सुद्धा आवाज होऊ द्यायची नाही.

एकदा मीनाताईंना पडदे घ्यायचे होते. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या जूडिथच्या दुकानात गेल्या आणि मला सोबत नेलं. त्या पुढे कापडं बघत होत्या. मला मागच्या खोलीतलं टेबल दिसलं आणि पाय आपोआप तिकडे गेले. मी टेबलावरच्या कापडाच्या अस्तरावर तळवा दाबून पाहिला. मग तिथलं छापलेलं कापड उलटं करून मागची बाजू पाहिली. जूडिथ दारात येऊन उभी होती. तिने काहीतरी विचारलं. मीनाताई म्हणाल्या, "शालन, ती विचारतेय, उलटं करून का बघतेस?"

"रंग किती आत गेलाय ते बघत होते. चुकलं का?"

मीनाताईंनी तिला सांगितलं. जूडिथने एक लहान चौकट माझ्यापुढे ठेवली, वर्तमानपत्र पसरलं, आणि हातात रंग ओढायचं रबर दिलं. मी एक छाप ओढला. तिने चौकट उचलून पाहिलं आणि म्हणाली, सोमवारी ये.

मीनाताईंनी गाडी रस्त्यावर काढली. मग म्हणाल्या, "तुला हे येतं, हे तू कधी बोलली नाहीस." बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

हे काम काय असतं ते सांगते. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवतात. डिझाइनची जागा मोकळी, बाकीची बुजवलेली. टेबलावर कापड घट्ट चिकटवायचं, त्यावर चौकट ठेवायची, एका कडेला रंग ओतायचा आणि रबराच्या लांब पट्टीने तो या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायचा. जाळीतून रंग खाली उतरतो. मग चौकट उचलून, टेबलाच्या कडेला मापाने ठोकलेल्या पुढच्या खुंटीला लावायची. मात्र लगेच शेजारी नाही. शेजारचा छाप ओला असतो, चौकट त्यावर टेकली तर डाग पडतो. म्हणून आधी पहिला, तिसरा, पाचवा, असं शेवटपर्यंत जायचं. मग परत येऊन दुसरा, चौथा, सहावा. ओणवं राहून कंबर धरते, आणि रंगाचा वास भाकरीला सुद्धा येतो. यात अवघड काही नाही, पण चूक झाली तर खोडता येत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक बाई सोफ्याचा तुकडा कापून घेऊन यायची आणि म्हणायची, ह्याला मॅच होईल असा रंग बदलून द्या. जूडिथ तिला दर वेळी शांतपणे सांगायची की रंग ज्या बाईचे आहेत तिला विचारावं लागेल, आणि तिने तुमचा सोफा पाहिलेला नाही. आपल्या मंडळातल्या बायका आल्या की हमखास म्हणायच्या, "अगं, हे तर आपलं वारली." मी सांगायची, वारली नाही, ऑस्ट्रेलियाचं आहे. त्यावर एक काकू म्हणाल्या, "असू दे गं, पण काढलंय छान वारली." त्यांनी चार उशांचे अभ्रे नेले, तेव्हा मीही वाद घातला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

दोन हजार पाचच्या जानेवारीत जवळच्या एका गावच्या वाचनालयाने पडद्यांची ऑर्डर दिली. मुलांच्या नव्या खोलीसाठी चाळीस यार्ड. एवढं मोठं काम दुकानात कधी आलं नव्हतं. डिझाइन होतं आंटी रीटांचं. त्या भागात वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. आंटी रीटा सत्तरीच्या. जमिनीतून खणून काढायच्या कंदांचं आणि त्यांच्या वेलींचं ते चित्र, आपल्याकडच्या करांद्याच्या वेलींसारखं. त्यामागची एक हकीकत आहे, तिचा जेवढा भाग बाहेरच्यांना सांगायचा तेवढा त्यांनी जूडिथला सांगितला होता. पुढचं जूडिथने कधी विचारलं नाही.

करारात एक नियम होता. मोठं काम असलं की आधी दोन यार्ड छापून तिकडे पाठवायचं. डिझाइनची मालकीण हो म्हणाली तरच पुढे छापायचं. ती दोनदा नाही म्हणाली तर चौकट परत.

ऑर्डर आली आणि त्याच आठवड्यात जूडिथ दुकानासमोर बर्फावरून घसरली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. एवढ्या रुंद कापडाला दोघी लागतात. टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहायचं, अर्ध्यापर्यंत मी रबर आणायचं, मग ते समोरचीच्या हातात द्यायचं, तिने पुढे न्यायचं. जूडिथ म्हणाली, वाचनालयाला नाही म्हणून कळवू या. मी म्हटलं, मी करते. हिंमत होती म्हणून नाही. काम गेलं तर परत बेसमेंट, ही भीती होती.

विलासने त्याच्या इथल्या कारखान्यातून ॲल्युमिनियमची लांब दांडी आणली आणि रबराला अशी बसवून दिली की टेबलाच्या एकाच बाजूने मला पूर्ण रुंदी ओढता यावी. सुंदर काम केलं त्याने, दांडी तसूभर वाकत नव्हती. आणि मग मी इचलकरंजीला जे शिकले ते सगळं त्या दोन यार्डांत ओतलं. त्या बायका चौकटीत तीन रंग शेजारी शेजारी ओततात आणि ओढता ओढता ते एकमेकांत मिसळू देतात, त्यामुळे प्रत्येक छापाची छटा वेगळी येते. इचलकरंजीत छटा बदलली तर अख्खा ताका परत यायचा. मी प्रत्येक छापाआधी चौकट पुसून घेतली आणि मापाने, त्याच जागी, तेवढाच रंग ओतला. एक छाप दुसऱ्यासारखा, जुळी भावंडं. त्यांच्या कापडात दोन छापांच्या मध्ये बोटभर कोरी फट राहते. आमच्याकडे जोड दिसणं म्हणजे कारागिराची लाज. मी खुंट्या थोड्या सरकवून ती फट बुजवून टाकली. कुठे एक छाप संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो, कुणाला सांगता आलं नसतं.

जूडिथ दुखण्याच्या गोळ्यांवर होती. तिने घडी घातलेलं कापड वरच्यावर पाहिलं आणि पार्सल गेलं.

दहा दिवसांनी फोन ठरला. इथे संध्याकाळचे सहा, तिकडे दुसरा दिवस उजाडलेला. जूडिथने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे कुत्रं भुंकत होतं, बऱ्याच बायका एकदम बोलत होत्या. मग एक जाड, सावकाश आवाज आला.

"कोणी छापलं हे?"

"शालनने," जूडिथ म्हणाली.

"एकटीने?"

हे मला कळलं. मी फोनजवळ वाकून म्हटलं, "येस आंटी. अलोन. ओन्ली मी." मला वाटलं, आता शाबासकी.

मग त्या म्हणाल्या, "काम नीटनेटकं आहे. पण ह्यात कोणी नाही."

मी जूडिथकडे पाहिलं. आंटी रीटांनी पुढचा प्रश्न विचारला, "आणि मधली जागा कोणी बुजवली?"

"आय रिपेअर," मी म्हटलं.

"मुली, तू कधी कंद खणलेस का?" त्या रागावल्या नव्हत्या. "सगळीकडे वेलीच वेली असल्या तर पाय कुठे ठेवणार? दोन वेलींच्या मधून चालायचं असतं."

जूडिथने ते मला सोप्या इंग्रजीत परत सांगितलं, पण मला ते पहिल्या वेळीच कळलं होतं. ज्या गोष्टीचा मला अभिमान होता, नेमकी तीच चूक होती. आंटी रीटा म्हणाल्या, आणखी एकदा पाठवा, मग बघू. फोन ठेवल्यावर जूडिथ म्हणाली, "मी नीट पाहायला हवं होतं, शालन. ह्यात माझीही चूक आहे." मग म्हणाली, "चौकट परत गेली तर मी दुकान चालवणार नाही. तुला आधी सांगून ठेवते." ती हे इतकं शांतपणे बोलली की मला रडायलाही अवघडल्यासारखं झालं. मी गाडीत जाऊन रडले.

घरी विलासला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दांडीबद्दल काही म्हणाल्या नाहीत ना?"

"दांडीमुळेच झालं सगळं."

"दांडी चांगलीच होती," तो म्हणाला आणि ताटावर बसला.

त्या आठवड्यात मला इचलकरंजीची हौसा फार आठवली. चार वर्षं आम्ही समोरासमोर छापलं. ती माझ्याकडे बघायची नाही, मी तिच्याकडे बघायची नाही, तोंडं चालू असायची, आणि टेबलाच्या मधोमध रबर बरोबर तिच्या हातात पोचायचं. तिचा हात जड, माझा हलका. शेठजी ओरडायचे की अर्धं कापड गडद, अर्धं फिकं. त्यासाठी आम्ही दोघींनी एकमेकींच्या हाताची ढब उचलली, आपापली विसरलो. आता साता समुद्रापार एक म्हातारी सांगत होती की तिला तेच बघायचं आहे, जे आम्ही पुसून टाकायला शिकलो होतो. समजलं ते समजलं. पण समोर उभी राहायला आणायची कोणाला? विलासला एकदा उभं करून पाहिलं. त्याचा लेथवरचा हात. रंग कापडातून टेबलापर्यंत पोचला.

रविवारी आम्ही दिरांकडे जेवायला होतो. मी मनात वाक्य जुळवत होते. वाढता वाढता मीनाताईच म्हणाल्या, "काय गं, मला विचारायला किती दिवस लावणार आहेस?" विलासने दिरांना सांगितलं होतं.

"तुम्हाला कसं विचारू? तुमचं हॉस्पिटल…"

"बुधवारी माझा ऑफ असतो. आणि चोवीस वर्षं मी बाळंतपणं करतेय, एक रबर ओढता येणार नाही मला?"

नाही आलं. बुधवारी सकाळी नऊ वाजता हॉस्पिटलचा निळा पोशाख घालून त्या हजर झाल्या, आणि पहिले दोन तास आम्ही जुन्या चादरींवर सराव केला.

"मीनाताई, दाबू नका."

"दाबत नाहीये."

"मग हा रंग का साचलाय इथे?"

"शालन, ओरडू नकोस माझ्यावर."

"ओरडत नाहीये, सांगतेय. आणि हाताकडे बघू नका. माझ्याकडेही नको."

"मग बघू कुठे, छताकडे?"

जूडिथ प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. एक अक्षर कळत नव्हतं, तरी हसत होती. मी मीनाताईंना असं कधी बोलले नव्हते. आणि पुढच्या छापाला मी परत तसंच बोलायची. काम चुकत असलं की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

शेवटी मी विचारलं, "बाळ येतं तेव्हा तुम्ही हाताने काय करता?"

त्यांनी विचार केला. "फार काही नाही. ते येतं. मी तिथे असते."

"मग तसंच. रबर येईल. तुम्ही असा."

दुपारनंतर जमायला लागलं. मी अर्ध्यापर्यंत आणायची, त्या घ्यायच्या. चौकट पुसायची नाही, रंग एकमेकांत जाऊ द्यायचे. तांबूस, मातकट, जांभळा. पहिल्या छापात वेगवेगळे, शेवटी शेवटी संध्याकाळसारखे मिसळलेले. खुंट्या मी मूळ जागी आणल्या होत्या. तरी फटीपाशी आले की माझा हात चौकट किंचित आत सरकवायला बघायचा. जुनी खोड. मी हात मागे घ्यायची. तोवर गप्पांत आम्ही मंडळाच्या नाटकात कोण कोणाशी बोलत नाही इथपर्यंत पोचलो होतो, आणि मीनाताई हाताकडे बघायचं विसरून गेल्या होत्या.

पार्सल गेलं. ते दिवस कसे काढले ते सांगत नाही. मी एकदा साखरेऐवजी मीठ घालून शिरा केला आणि विलासने तो न बोलता खाल्ला, यावरून ओळखा.

फोनच्या दिवशी मीनाताई हॉस्पिटलमधून थेट दुकानात आल्या. आम्ही तिघी टेबलाशी उभ्या राहिलो. पलीकडे कापड उलगडल्याचा आवाज आला. मग आंटी रीटा तिथल्या बायकांशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. एक हसली.

"ह्यात दोघी आहेत," आंटी रीटा म्हणाल्या.

जूडिथ म्हणाली, "हो, दोघी."

"एक ओढते तेव्हा कापडाला माहीत असतं, कुठे जायचंय. दुसरी घाबरते."

मी खाली बघितलं. घाबरणारी कोण, हे या खोलीत सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात, मंडळात, बँकेच्या रांगेत, कुठेही विचारा. मी जूडिथला सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने फोनवर विचारलं, "घाबरणारी कुठल्या बाजूला उभी होती, कळतंय का?"

"निळा दोरा आहे त्या किनारीकडे."

कापडाच्या एका किनारीत निळा दोरा विणलेला होता. ती बाजू खिडकीकडे होती. आणि मी खिडकीकडे पाठ करून कधीच काम करत नाही, माझ्या हाताची सावली पडते. मी समोरच्या बाजूला होते.

मीनाताई फोनपाशी वाकल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "ती मी. घाबरणारी मी आहे."

पलीकडे आता सगळ्याच हसल्या. "बहिणी का?" आंटी रीटांनी विचारलं.

"नाही. दोन भावांच्या बायका."

"एका घरात राहता?"

"दीड वर्ष राहिलो."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या. "छापा."

एवढंच. मी जूडिथचा हात धरला तो नेमका प्लास्टरचा, आणि ती ओरडलीसुद्धा नाही.

चाळीस यार्ड छापायला मीनाताईंचे तीन बुधवार आणि एक रजेचा गुरुवार लागला. सांगायला अभिमान वाटतो, त्या चाळीस यार्डांतला एक वीतभर तुकडासुद्धा फुकट गेला नाही. वाचनालय वेळेवर उघडलं. पडदे लागले त्या दिवशी एक लहान मुलगी दोन वेलींच्या मधल्या कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवत खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

मी आंटी रीटांना कधी भेटले नाही. त्या विमानात बसत नाहीत आणि मला कधी तिकडे जाणं जमलं नाही. ही एक रुखरुख राहिली आहे. पण फोन ठेवण्याआधी त्यांनी जूडिथला विचारलेलं मी ऐकलं होतं, "नावं काय ह्यांची? किनारीवर टाकायची असतात."

त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. कापडाच्या किनारीवर जिचं चित्र तिचं नाव, आणि खाली, लहान अक्षरात, ज्यांनी छापलं त्यांचं. इचलकरंजीत मी हजारो साड्या छापल्या असतील. त्यांवर कारखान्याचा शिक्का असायचा.

जूडिथने नावाची छोटी चौकट करायला घेतली, तेव्हा मी मीनाताईंना विचारलं, "तुमच्या नावाआधी डॉक्टर लावायचं ना?"

त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "हॉस्पिटलात लावते. इथे नुसतं मीना लिही. आणि आधी तुझं."